ग्रंथालयातली निनावी प्रश्नपेटी: या चुका टाळा

मेसचं जेवण पचत नाही. रूममेट रात्री दोनपर्यंत फोनवर बोलतो. दोन विषय राहिलेत आणि घरी सांगितलेलं नाही. असले प्रश्न घेऊन विद्यार्थी देवघेव काउंटरवर येत नाहीत. मागे रांग असते, आणि काउंटरवरचे काका वडिलांच्या ओळखीचे निघण्याची शक्यता बडोद्यात, त्यातही दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या मराठी घरांत, चांगलीच असते. त्यावर तोड म्हणजे निनावी पेटी. चिठ्ठी टाकायची आणि उत्तर बोर्डावर वाचायचं. अमेरिकेत बॉस्टन कॉलेजच्या ओ'नील ग्रंथालयात अशी 'आन्सर वॉल' चालते. तिथे भिंतच बोलतेय अशा थाटात उत्तरं असतात आणि उत्तर देणाऱ्याचं नावही पुढे येत नाही.

बडोद्याला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. सयाजीरावांनी १९१० साली बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला इथे आणलं आणि पुढे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या गावोगाव गेल्या. आताची पेटी उलट्या दिशेची आहे, वाचकाकडून ग्रंथालयाकडे येणारी. सुतार ती अर्ध्या दिवसात करून देतो. घोटाळे होतात ते पुढे.

जागा आणि पेटी

पहिली चूक म्हणजे पेटी काउंटरवर ठेवणं. 'आमचं लक्ष राहील' हे त्याचं कारण दिलं जातं, आणि नेमकं तेच नको असतं. पेटी अशा ठिकाणी हवी जिथे माणूस एरवीही थांबतो: पाण्याच्या कूलरजवळ, जिन्याच्या वळणावर, झेरॉक्सच्या रांगेशेजारी. मग तिथे कोणी घुटमळलं तरी कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. कॅमेरा कुठे बघतोय ते आधी मॉनिटरवर तपासा. पेटी कॅमेऱ्याच्या टप्प्यात असेल तर 'निनावी' हा शब्द पाटीवर लिहूच नका. कॅमेरा हलवता येत नसेल तर पेटी हलवा.

ॲक्रिलिकची पारदर्शक पेटी छान दिसते, पण घडी उलगडली की अक्षर बाहेरून वाचता येतं. शिवाय आत दोनच चिठ्ठ्या दिसल्या की तिसरा टाकत नाही. लाकडी किंवा पत्र्याची, साधारण २५ सेंटिमीटर खोल, कुलूपवाली पेटी घ्या. फट १० सेंटिमीटर लांब आणि सव्वा सेंटिमीटर रुंद पुरते. त्याहून मोठी ठेवली तर आत बोटं जातात आणि चहाचे कपही.

कागद आणि पेन पेटीशेजारीच ठेवा. ए-फोर कागदाचे चार तुकडे केले की चार चिठ्ठ्या होतात. सगळे कागद पांढरे आणि सगळी पेनं निळी असू द्या. स्वतःच्या वहीचं पान फाडून लिहायला लावलं तर पानाच्या रेघांवरून आणि शाईच्या रंगावरून वर्गमित्र ओळखतात.

निनावी म्हणायचं आणि माग ठेवायचा

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. ती कुणी मुद्दाम करत नाही, सोयीपायी होते.

मूळ चिठ्ठी बोर्डावर टाचू नका. अक्षर ओळखीचं असतं. प्रश्न टाइप करून लावा, आणि टाइप करताना ओळख पटवणारा तपशील गाळा. समजा, चिठ्ठीत असं आहे: 'मी कोल्हापूरहून आलेय, फाइन आर्ट्सला दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या स्टुडिओतला एक मुलगा सारखा मागे लागतो.' एवढ्यावरून मुलगी कोण ते सगळ्या स्टुडिओला कळेल. बोर्डावर एवढंच जावं: 'सोबत काम करणारी एक व्यक्ती नको म्हटलं तरी मागे लागते. काय करू?' गाव, फॅकल्टी, वर्ष, मुलगा की मुलगी, सगळं काढलं तरी प्रश्न तसाच राहतो. आणि पाटीवर आधीच लिहून ठेवा की प्रश्न थोडा बदलून छापला जाईल, नाहीतर लिहिणाऱ्याला वाटतं आपली चिठ्ठी वाचलीच नाही.

तारीखवेळ लिहू नका, अनुक्रमांक पुरे. पेटी दिवसात दोनदा उघडा, सकाळी ग्रंथालय उघडायच्या आधी आणि रात्री बंद झाल्यावर. भरदुपारी कुणी चिठ्ठी टाकून वळला आणि पाठोपाठ शिपाईकाकांनी कुलूप काढलं, असं एकदा दिसलं तरी पेटीचा भरवसा गेला. आतल्या चिठ्ठ्या आधी कालवा, मग वाचा. उत्तरं चार-पाच एकदम लावा, म्हणजे कुणाची चिठ्ठी कधीची हे जुळवता येत नाही. तातडीच्या उत्तराला मात्र हा नियम नाही.

गूगल फॉर्म वापरणाऱ्यांनी तीन गोष्टी तपासाव्यात. ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद आहे ना? फॉर्म फक्त संस्थेच्या खात्यांपुरता मर्यादित नाही ना? 'एकालाच एकदा उत्तर' हा पर्याय बंद आहे ना? शेवटचे दोन पर्याय चालू असले की लॉगिन मागितलं जातं, आणि फॉर्मवर आपलाच ईमेल दिसला की पोरं पान बंद करतात, मग खाली कितीही मोठ्या अक्षरात 'आपली ओळख गुप्त राहील' लिहा. शिवाय उत्तरांच्या शीटमध्ये वेळ आपोआप नोंदली जाते. तो रकाना शीट कुणालाही दाखवायच्या आधी उडवा. फॉर्म लावलात तरी कागदी पेटी काढू नका.

आणखी एक भोक सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही: पुस्तक. उत्तरात नैराश्यावरचं पुस्तक सुचवायचं आणि ते न्यायला कार्ड स्कॅन करायला लावायचं, म्हणजे नाव लिहून दिल्यासारखंच. त्यापेक्षा बोर्डाजवळ एक उघडी मांडणी ठेवा. तिथली पुस्तकं तिथेच बसून वाचायची, नोंद नाही. दहा-बारा पुस्तकं पुरतात. त्यातली एखाद-दोन नाहीशी होतील. तो खर्च धरूनच चाला.

मूळ चिठ्ठ्या उत्तर लागल्यावर महिनाभराने श्रेडरमध्ये घाला. रद्दीत देऊ नका, रद्दीतले कागद भेळेच्या पुडीपर्यंत पोचतात.

प्रश्नाला उत्तर सोडून उपदेश

समजा, चिठ्ठी अशी आहे: 'सेम थ्रीला दोन विषय गेले. घरी पास सांगितलंय. पप्पा फी भरताहेत. आता काय करू?'

बोर्डावर सहसा लागतं ते असं: 'आईवडिलांशी मोकळेपणाने बोला. अपयश ही यशाची पहिली पायरी आहे. ताण घेऊ नका.' तीन वाक्यं, तिन्ही निरुपयोगी. मोकळेपणाने बोलता आलं असतं तर चिठ्ठी कशाला लिहिली असती? पायरीचं वाक्य त्याने शाळेच्या भिंतीवर दहा वर्षं वाचलेलं आहे.

ग्रंथालयाचं काम समुपदेशकाचं नाही. विचारलेलं नीट समजून घ्यायचं, माहिती शोधायची आणि ती कुठे मिळेल ते दाखवायचं, म्हणजे संदर्भसेवाच, विषय तेवढा वेगळा. त्याच चिठ्ठीचं चालेल असं उत्तर:

'दोन विषय राहिलेत आणि घरी पास सांगून झालंय. यात दोन कामं आहेत, ती वेगवेगळी करा. आधी परीक्षेचं. राहिलेल्या विषयांचा फॉर्म भरायची तारीख फॅकल्टीच्या ऑफिसात आजच विचारा. ती चुकली तर पुढच्या परीक्षेची वाट बघावी लागेल. एटीकेटीचा नियमही तिथेच लेखी मागा, मित्रांच्या सांगण्यावर जाऊ नका. जुन्या प्रश्नपत्रिका पहिल्या मजल्यावर आहेत. मग घरचं. फॉर्मची तारीख हातात असली की बोलणं "असं का केलंस" वरून "पुढे काय" वर लवकर येतं. पप्पांना थेट सांगवत नसेल तर आधी आईला किंवा ताईला सांगा, नाहीतर पत्र लिहा. लिहिणं तुम्हाला जमतं, हे आम्ही पाहिलंय. अभ्यासाच्या पद्धतींवरची पुस्तकं: वर्गांक ३७१.३०२८१. झोप-जेवण उडालं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, तो फुकट आहे आणि चोवीस तास चालू असतो.'

पहिल्या ओळीत त्याचाच प्रश्न परत मांडलाय, म्हणजे समजल्याची पावती मिळते. खोटं बोलल्याबद्दल एक अक्षर नाही, कारण ते त्याला आम्ही सांगायची गरज नाही. आणि आज करता येईल असं एक तरी काम आहे. लांबी शंभर-सव्वाशे शब्दांच्या आसपास ठेवा. ए-फाइव्ह कागदावर सोळा पॉइंटात तेवढंच मावतं, आणि उभ्याने माणूस त्याहून जास्त वाचत नाही.

वर्गांक, म्हणजे विषयानुसार पुस्तकाची जागा सांगणारा क्रमांक, देताना पुस्तक मांडणीवर खरंच आहे का ते जाऊन पाहा. संगणकात 'उपलब्ध' असलेलं पुस्तक बायंडिंगला गेलेलं असतं. पुस्तकं ड्युई दशांश पद्धतीने लावलेली असतील तर हे वर्गांक वारंवार लागतात: घरचं कुणी गेल्याचं दुःख १५५.९३७, पैशांचं नियोजन ३३२.०२४, नोकरी शोधणं ६५०.१४, नैराश्य ६१६.८५२७, स्वयंपाक ६४१.५. स्वयंपाकाचा वर्गांक गंमत म्हणून दिलेला नाही. पहिल्यांदा घर सोडून फतेहगंजला खोली घेऊन राहणाऱ्याला वरणभाताचा कुकर लावता येणं हा मोठा प्रश्न असतो, आणि 'तांदळाच्या दुप्पट पाणी, डाळीला तिप्पट, वेगवेगळ्या भांड्यांत, तीन शिट्ट्या' हे उत्तर बोर्डाची पत वाढवतं. अशी साधी उत्तरं नेमकी मिळतात हे दिसलं की अवघड चिठ्ठ्या यायला लागतात.

जिवावरचा प्रश्न

'जगावंसं वाटत नाही' अशी चिठ्ठी कधी ना कधी येते. ती आल्यावर काय करायचं हे त्या दिवशी ठरवू नका. पेटी लावायच्या आधी लेखी ठरवा आणि विभागप्रमुखांची सही घ्या.

पाटीवर दोन अपवाद स्पष्ट लिहा. एक, कुणाचा जीव तातडीच्या धोक्यात आहे असं चिठ्ठीवरून दिसलं तर आम्ही मदत बोलावू. दोन, अठरा वर्षांखालच्या कुणावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पहिल्या वर्षाला सतरा वर्षांची मुलं असतात, म्हणून हा दुसरा अपवाद विद्यापीठातही लागू पडतो. 'काहीही झालं तरी कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊन बसलात तर ते मोडावं लागेल.

चिठ्ठीत जागा किंवा वेळ असेल, उदाहरणार्थ हॉस्टेलचं नाव किंवा 'आज रात्री', तर ११२ आणि वॉर्डन यांना लगेच फोन, उत्तर नंतर. तसं काही नसेल तर त्याच दिवशी बोर्डावर उत्तर लावा. त्यात मूळ वाक्य छापू नका, मार्ग किंवा साधन यांचा उल्लेख तर अजिबात नको. 'अनुक्रमांक ४१, तुमची चिठ्ठी वाचली' अशी सुरुवात करा. पुढे टेलिमानसचा १४४१६, विद्यापीठाच्या समुपदेशकाची खोली आणि वेळ, सयाजी हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग आणि कारेलीबागेतलं सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय, एवढं द्या. एक भीती मात्र नाव घेऊन काढा: दवाखान्यात सांगितलं तर पोलीस केस होईल ही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं, उलट सिद्ध होत नाही तोवर, गृहीत धरलं जातं आणि तिला शिक्षा करायची नसते.

रात्री ग्रंथालय बंद झाल्यावरच्या फेरीनंतर सकाळपर्यंत आणि रविवारी पेटी उघडली जात नाही, हे पेटीवरच मोठ्या अक्षरात हवं, आणि लगेच खाली १४४१६. बोर्डावरचा प्रत्येक नंबर दर तीन महिन्यांनी स्वतः लावून बघा.

कायद्याला घाबरून मौन

बऱ्याच प्रश्नांना 'हा विषय आमच्या कक्षेत नाही' असं उत्तर मिळतं, कारण लिहिणारा घाबरतो. मत देऊ नका, निवाडा करू नका, पण कायदा काय म्हणतो ते सांगायला काय हरकत आहे?

दारूचा प्रश्न घ्या. गुजरातेत परवान्याशिवाय पिणं गुन्हा आहे, म्हणून 'पिणं सुटत नाही' असं लिहिणारा आधीच धास्तावलेला असतो. त्याला कलमं वाचून दाखवू नका. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ द्या आणि एक सूचना ठळक करा: रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावं, अचानक सोडल्यावर झटके येऊ शकतात.

गर्भपाताबद्दल चिठ्ठी आली की बहुतेक पेट्या मुक्या होतात. सांगण्यासारखं मात्र पुष्कळ आहे: बाई सज्ञान असेल तर फक्त तिची संमती लागते, नवऱ्याची किंवा पालकांची नाही. कायद्याच्या अटींत बसत असेल तर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये वीस ते चोवीस आठवड्यांची तरतूद अविवाहित स्त्रियांनाही लागू असल्याचं स्पष्ट केलं. औषधाचं नाव आणि डोस मात्र लिहायचा नाही, कुठल्याच प्रश्नाला.

लैंगिक छळाच्या तक्रारीत मुदत महत्त्वाची. अंतर्गत समितीकडे घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. पेटीतली चिठ्ठी ही तक्रार नव्हे, हे उत्तरात लिहा. नाहीतर पोरगी वाट बघत बसते आणि मुदत निघून जाते. रॅगिंगसाठी यूजीसीचा १८००-१८०-५५२२, बायकांसाठी १८१ अभयम, कर्जाच्या ॲपवाल्यांनी किंवा ऑनलाइन फसवणाऱ्यांनी पैसे उकळले तर १९३०. या शेवटच्याला जितक्या लवकर फोन जाईल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

भाषा

ज्या भाषेत प्रश्न, त्या भाषेत उत्तर. बडोद्याच्या पेटीत गुजराती, हिंदी, इंग्रजी, मराठी सगळं येतं, आणि मराठी बहुतेक वेळा रोमन लिपीत. प्रश्न टाइप करताना त्याला प्रमाण मराठीचा इस्त्रीचा कपडा घालू नका. बडोद्याच्या मराठीत गुजराती मिसळलेली असते, ती तशीच राहू द्या. शुद्धलेखन तेवढं सुधारा. ज्या भाषेचा जाणकार तुमच्यात नाही तिच्यात मोबाइलवरून भाषांतर करून लावू नका, चुकलेला एक शब्द संवेदनशील उत्तराचा विचका करतो. इतिहास किंवा भाषा विभागातलं कुणीतरी गाठा, पण त्यांना टाइप केलेला प्रश्न दाखवा, मूळ चिठ्ठी नको.

बिघाड आणि उपाय

*पेटी रिकामीच राहते.* आधी जागा आणि कॅमेरा बघा. मग बोर्ड बघा: वरचं उत्तर किती जुनं आहे? दोन आठवड्यांपूर्वीचं असेल तर लोकांना पेटी बंद वाटते. प्रश्न नसतील तर स्वतः खोट्या चिठ्ठ्या बनवू नका, ते कळतंच. त्याऐवजी काउंटरवर तोंडी विचारले जाणारे प्रश्न 'काउंटरवर विचारलेलं' असं सांगून लावा.

*नुसती थट्टा येते.* 'गरब्याला पार्टनर मिळेल का?' याला सरळ, थोडं मिस्कील आणि खरं उत्तर द्या: पास कुठे मिळतो, शेवटची बस किती वाजता, रात्री परतताना १८१ मोबाइलमध्ये ठेवा. थट्टेमागून खरा प्रश्न येतो. शिवीगाळ किंवा कुणाचं नाव असलेली चिठ्ठी लावायची नाही, 'अनुक्रमांक ५६ छापता येत नाही, नाव काढून परत लिहा' एवढी ओळ पुरे.

*प्राध्यापकाचं नाव घेऊन तक्रार आलीय.* बोर्डावर नाही आणि त्या प्राध्यापकांच्या कानावरही नाही. विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठाचे लोकपाल यांच्याकडे जायचा रस्ता उत्तरात द्या.

*वरिष्ठ विचारतात, 'हे कुणी लिहिलंय?'* माहीत नाही हे खरं उत्तर देता यावं म्हणूनच मूळ चिठ्ठ्या नष्ट करायच्या आणि वेळ नोंदवायची नाही. पेटीच्या नियमांवरची सही इथे कामाला येते.

*उत्तरं फाडून नेतात.* बहुधा ज्याचं उत्तर, तोच नेतो. दुसरी प्रत लावा. हेल्पलाइनचे नंबर तळाशी फाडून नेता येतील अशा पट्ट्यांवर छापा, खोलीभाड्याच्या जाहिरातीखाली असतात तशा.

*एकच जण रोज लिहितो.* अक्षरावरून लक्षात आलं तरी ते बोर्डावर सूचित करू नका. तिसऱ्या-चौथ्या उत्तरात समुपदेशकाची वेळ द्या आणि 'तिथे हे चार कागद दाखवलेत तरी चालेल' असं लिहा. पहिलं वाक्य काय बोलायचं, ही त्याची अडचण असते.

*उत्तर देणारा रजेवर गेला आणि बोर्ड थांबला.* सुरुवातीलाच तीन-चार जण ठेवा आणि सही सगळ्यांची एकच, 'पेटी'. लावण्याआधी दुसऱ्या कुणीतरी वाचलंच पाहिजे. साध्या प्रश्नाला तीन दिवस, शोधाव्या लागणाऱ्याला आठवडा, एवढीच मुदत पाटीवर लिहा. जास्त लागणार असेल तर 'अनुक्रमांक ६२, शोधतोय' अशी चिकटचिठ्ठी तरी लावा.

*दिवाळीची सुट्टी आली.* पेटीची फट कागद चिकटवून बंद करा, त्यावर उघडायची तारीख आणि १४४१६ लिहा. उघडी फट सोडून ग्रंथालयाला कुलूप लावून जाऊ नका, सुट्टीत हॉस्टेलवर राहिलेली मुलंही चिठ्ठी टाकतात.